मधली मसलत

रंगारी सर नागपूरला परत गेले त्याला आता दोन हिवाळे उलटले. तरी नेदरलँड्समधल्या आमच्या हूफडॉर्पच्या मराठी मंडळींत कुणी कुणाला सल्ला द्यायला लागलं की ऐकणारा हटकून म्हणतो, "एवढंच? आणखी दोन असतील ना?" नव्याने आलेल्यांना त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळत नाही. ते कळायला सर बघायला हवे होते.

बघण्यासारखं तसं काही नव्हतं म्हणा. बेताची उंची, बेताचे केस, ऋतू कुठलाही असो, गळ्यात मरून रंगाचा मफलर. फोरबर्ग नावाच्या दुसऱ्या गावात एका जुन्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर एकटे राहायचे. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारण्याची छाती आमच्यात फक्त पेंडसेकाकूंची झाली, तर सर म्हणाले, मी दोन्ही बाजूंनी विचार करत बसलो, तोवर मुलीचं लग्न होऊन गेलं. हे खरं की थाप ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. सरांच्या बऱ्याच गोष्टींचं तसंच होतं.

मूळचे भंडारा जिल्ह्यातले, शिक्षण नागपूरचं. घरात रोज संध्याकाळी बुद्धवंदना, त्यामुळे पाली लहानपणापासून कानावर. कॉलेजात तीच भाषा घेतली. मग कुणीतरी सांगितलं की भारतातून नाहीसे झालेले कितीतरी बौद्ध ग्रंथ चिनी भाषांतरात शिल्लक आहेत. "आपलं सामान शेजाऱ्याच्या माळ्यावर आहे म्हटल्यावर शिडी लावायला नको का जी?" असं ते विचारायचे. त्या शिडीसाठी ते चिनी शिकले आणि चढत चढत नेदरलँड्सच्या एका विद्यापीठात संशोधनाला येऊन पोचले.

पण माणूस शिडीवर चढतो एका कामाला आणि माळ्यावर भलतंच उघडून बसतो. चिनी शिकताना सरावासाठी म्हणून हातात आलेली एक जुनी, विटेएवढी जाड कादंबरी सरांना चिकटली ती कायमची. साम्राज्य मोडलेलं, ज्याच्याकडे घोडे तो राजा, असा तो काळ. तिच्यातल्या शेकडो माणसांमधून सरांचा जीव जडला तो एकावर, एका आडदांड सरदाराच्या पदरी असलेल्या सल्लागारावर. त्याचं चिनी नाव आमच्या जिभेला वळेना, म्हणून सरांनी त्याला सरळ 'कारभारी' करून टाकलं. हा कारभारी तलवारीला हात लावत नाही. तंबूच्या कोपऱ्यात अंगाला शाल गुंडाळून खोकत बसतो. बाकीचे सगळे ओरडून दमले की सरदार मान वळवून विचारतो, तुमचं काय म्हणणं? मग हा दोन वाक्यं बोलतो आणि दुसऱ्या दिवशी कुणाचं तरी राज्य बुडतं. सरदार मरतात, नवे येतात, कारभारी मात्र म्हातारा होऊन स्वतःच्या अंथरुणात मरतो. "सल्लागाराचं डोकं त्याच्याच खांद्यावर राहिलं, म्हणजे सल्ला बरोबर होता," हे सरांचं आवडतं वाक्य.

महिन्यातल्या एका रविवारी दुपारी आमच्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत सर या कारभाऱ्याची गोष्ट मराठीत सांगायचे. त्याला आम्ही बैठक म्हणायचो. येणारे आम्ही सगळे नोकरदार, त्यांचे नवरे-बायका, आणि मुलं. मुलांना मराठी समजायचं, पण तोंडातून निघायचं डच. एखादं पोर डचमध्ये विचारी, तो पळून का नाही गेला? सर तितक्याच गंभीरपणे मराठीत उत्तर देत, आणि दोघांचं बरोबर जमायचं. सरांचं सैन्य म्हणजे भाजलेले शेंगदाणे, घोडदळ म्हणजे फुटाणे. तहाची बोलणी सुरू झाली की सर एखादा शेंगदाणा नकळत खाऊन टाकायचे आणि मुलं ओरडायची की दूत गेला.

एकदा त्यांनी बांधाची लढाई सांगितली. शत्रू एका तटबंदीच्या शहरात दडून बसलेला, महिने झाले तरी शहर पडत नाही. कारभारी सरदाराला सांगतो, शहर सोडा, नदीकडे बघा. रातोरात नदीचा बांध फोडतात. सरांनी मफलर काढून टेबलावर बांध म्हणून अंथरला आणि आपल्या थर्मासमधलं पाणी खरंच ओतलं. शेंगदाणे तरंगायला लागले, मुलं आनंदाने वेडी झाली, आणि खालून ग्रंथपाल बाई फडकं घेऊन वर आल्या. सर त्यांची माफी मागताना अजिबात ओशाळलेले दिसत नव्हते. गंमत म्हणजे आम्ही बसलो होतो ती जमीन मुळात एका मोठ्या तलावाचा तळ. पाणी उपसून काढलं, भोवती बांध घातला, आणि आम्ही त्यावर कर्ज काढून घरं घेतली. सरांचं फोरबर्ग मात्र जुन्या वाळूच्या उंचवट्यावर. "सल्लागारानं उंचावरच राहावं," असं म्हणून ते आमच्यातल्या घरवाल्यांना चिडवायचे.

आता मसलतीचं सांगते. त्या जुन्या गोष्टीत सल्ला द्यायची एक रीत आहे. कारभारी कधीच एक उपाय सांगत नाही, तीन सांगतो: उत्तम, मध्यम, कनिष्ठ. उत्तम मसलत धाडसाची, कनिष्ठ भित्र्याची, मध्यम दोन्हींच्या मधली. सरदार लोक ऐकून घेतात, दाढी कुरवाळतात आणि बहुतेक वेळा मधली उचलतात. "आणि मधली उचलणारे बुडतात," सर सांगायचे. "उत्तम घ्यायला छाती नाही, कनिष्ठ घ्यायला लाज वाटते. मग मधल्या मधे बसतात नं बुडतात."

सर स्वतःही याच रीतीने सल्ला द्यायचे, आणि मागणारे काही कमी नव्हते. आधी चष्मा काढून मफलरच्या टोकाने पुसायचा, मग तीन बोटं वर करायची. घर घ्यावं की भाड्याने राहावं, मुलाला कुठल्या शाळेत घालावं, साहेबाला पगाराचं कसं विचारावं, सगळ्याला तीन बोटं. आमच्या कुलकर्ण्यांच्या शेजारीणबाई खेमेन्टेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, तक्रार करणार होत्या की यांच्या फोडणीचा वास आमच्या घरात येतो. कुलकर्णी हवालदिल. सर म्हणाले, उत्तम मसलत, भारी चिमणी बसवा आणि त्यांनाही तिचा आवाज ऐकवा. कनिष्ठ मसलत, फोडणी बंद. आणि मधली मसलत, त्या बाईंना जाऊन एवढंच विचारा की तुम्ही कपडे कोणत्या दिवशी वाळत घालता. कुलकर्णी विचारून आले. भांडणाचं मूळ तेच निघालं, बाईंच्या धुतलेल्या चादरींना जिरं-मोहरीचा वास लागत होता. तेव्हापासून बाईंच्या धुण्याच्या दिवशी कुलकर्ण्यांकडे दहीभात असतो, आणि बाई नाताळात त्यांना केक आणून देतात.

सरांच्या या दरबाराला एक सरदारही होता, तो म्हणजे प्रसाद. माझ्या मैत्रिणीचा, रोहिणीचा, नवरा. शेजारच्या बाडहूव्हडॉर्पला मालवाहतुकीच्या कंपनीत संगणकाचं काम बघायचा आणि आमच्या मंडळाचा अध्यक्ष होता. आवाज खणखणीत, मन मोठं, निर्णय झटपट आणि बहुतेक चुकीचे. एका वर्षी मंडळात फूट पडायची वेळ आली. चार-पाच कुटुंबं म्हणाली, आम्ही आमचा गणपती वेगळा बसवतो. प्रसादला त्यांना मंडळातून काढून टाकायचं होतं. तो सरांकडे गेला. सर म्हणायचे, मी देव मानत नाही, मोदक मानतो, त्यामुळे गणपतीच्या बाबतीत माझ्याइतका तटस्थ माणूस मिळणार नाही. त्यांनी तीन मसलती सांगितल्या, मधली अशी की त्या लोकांना काढू नका, उलट मान द्या आणि जेवणाचं खातं त्यांच्याकडे सोपवा. प्रसादने ते केलं. जेवणाचं खातं ज्याच्याकडे त्याच्याकडे जगाच्या तक्रारी. भात कमी पडला, वरण पातळ झालं, मुलांना तिखट लागलं, मोठ्यांना सपक. दिवाळी येईतो बंडखोरांना वेगळं काही बसवायचं त्राण उरलं नाही. प्रसाद सगळ्यांना सांगत सुटला की सर म्हणजे आपले कारभारी. सरांनी नम्रपणे मान खाली घातली, पण मफलर जरा जास्तच नीट केला.

इथवर सगळं हसण्यावारी. पुढचं रोहिणीचं.

रोहिणी साताऱ्याची, माझी इथली सगळ्यात जुनी मैत्रीण. आम्ही दोघी नवऱ्यांच्या मागून आलेल्या. मी आकडेमोडीच्या नोकरीत शिरले, तिला लहान मुलांचं वेड. ती डच शिकली, परीक्षा दिल्या, दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा पास झाली, आणि आपल्याच घराच्या पुढच्या खोलीत रीतसर नोंदणी करून पाळणाघर सुरू केलं. सकाळी उजाडायच्या आत आया-बाप फीट्सवरून, म्हणजे सायकलवरून, गोरी गुबगुबीत पोरं आणून सोडतात. ती पोरं तिच्याकडे 'पाणी' मागतात आणि पडली तर 'आई गं' म्हणतात. एका डच बाईने तिला विचारलं होतं, आमची लेक घरी सारखं 'आता पुरे' म्हणते, ही कुठली कविता आहे का? रोहिणी हे सांगताना इतकी सुखी दिसायची की तिचा हेवा वाटे. हे घर, ही खोली, ही पोरं, हे तिने स्वतः उभं केलेलं पहिलं काही होतं.

त्या वर्षी प्रसादला कंपनीने पुण्यात मोठ्या जागेवर बोलावलं. तिकडच्या ऑफिसचा मुख्य. त्याला जायचंही होतं आणि नव्हतंही. घरात महिनाभर तोच विषय, आणि रोहिणी काही बोलायला लागली की हा म्हणे, थांब, मला आधी नीट विचार करू दे. नीट विचार म्हणजे सर. तो फोरबर्गला गेला, जेवून आला, आणि पुढच्या बैठकीत गोष्ट सुरू व्हायच्या आधीच उभा राहून त्याने जाहीर केलं की आम्ही पुण्याला चाललो. घर विकतोय. लेकीसकट सगळे एकदमच, उन्हाळ्याच्या सुट्टीत.

टाळ्या पडल्या. मी रोहिणीकडे बघितलं. तिला हे आमच्याबरोबरच कळत होतं. मग मी सरांकडे बघितलं, तर त्यांच्या हातातला शेंगदाणा तसाच हातात राहिलेला.

प्रसाद खुशीत सांगत होता की सरांनी तीन मसलती दिल्या होत्या. उत्तम, सगळं विकून एका दमात निघा. मध्यम, वर्षभर दोन्हीकडे ये-जा करून बघा, इथलं काही मोडू नका. कनिष्ठ, सरळ नाही म्हणा. "पण आपण सरांच्या बैठकीत नुसते शेंगदाणे खायला नाही बसत," तो म्हणाला. "मधली घेणारे बुडतात. मी उत्तम घेतली."

त्या आठवड्यात घरं विकून देणारा एजंट फोटो काढायला आला. पोरं झोपली होती. त्याने दबक्या आवाजात रोहिणीला विचारलं की त्या छोट्या खाटा तेवढ्या हलवता येतील का, खोली आहे त्यापेक्षा लहान दिसते आहे. रोहिणीने एकेका झोपलेल्या पोराला उचलून मागच्या खोलीत नेलं. एक जण जागा झाला आणि रडायला लागला, त्याला कडेवर घेऊन ती बाजूला उभी राहिली आणि त्या माणसाने रिकाम्या खोलीचे फोटो काढले. हे तिने मला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता. मला भीती वाटली ती त्या साध्या आवाजाची.

शनिवारी आम्ही दोघी गाडी बदलून फोरबर्गला गेलो. सरांनी दार उघडलं, आम्हाला बघून चष्मा काढून पुसायला घेतला. घरात सगळीकडे पुस्तकं, बसायला दोनच खुर्च्या. त्या त्यांनी आम्हाला दिल्या आणि स्वतः खिडकीच्या कठड्याला टेकून उभे राहिले. चहा टाकतो म्हणाले, रोहिणी नको म्हणाली.

"सर, घर विकायला तुम्ही सांगितलंत?"

सरांनी मान हलवली. मग जे सांगितलं ते ऐकून मला हसावं की रडावं कळेना. म्हणाले, मी इतकी वर्षं मसलती देतो, त्यात एक चलाखी आहे. लोक दोन्ही टोकांना घाबरतात आणि मधलं उचलतात, हे मला ठाऊक. म्हणून जे मला खरोखर बरोबर वाटतं ते मी मधे ठेवतो. दोन्ही बाजूंना असं काहीतरी ठेवतो की कुणी घेऊ नये. कुलकर्ण्यांची चिमणी, मंडळातून हकालपट्टी, सगळं तेच. घर विकायची मसलत नुसती शोभेची होती. प्रसादभाऊ ती उचलतील असं स्वप्नातही आलं नाही.

"पण तुम्हीच गोष्टीत सांगत होता, मधली घेणारे बुडतात," मी म्हटलं.

"सांगत होतो," सर म्हणाले. "मला वाटलं, गोष्ट वेगळी, सल्ला वेगळा. प्रसादभाऊ एवढं मनावर घेऊन ऐकून राहिले, हे मला कुठं माहीत."

रोहिणी म्हणाली, "म्हणजे बरोबर काय ते तुम्हाला माहीत होतं. तेवढंच का नाही सांगितलंत?"

"सांगितलेलं कुणी ऐकत नाही, ताई. स्वतः निवडलेलंच ऐकतात."

"आणि मला? मला का नाही विचारलंत?"

सर गोंधळले. अगदी खरे गोंधळले. "तुम्ही कुठं मसलत मागितली?" ते म्हणाले.

यात उर्मटपणा काही नव्हता. तीस वर्षं ज्या कारभाऱ्याच्या तंबूत ते मनाने राहिले तिथली रीतच ती. विचारतो सरदार, उत्तर द्यायचं सरदाराला. मला त्या क्षणी सरांचा फार राग आला आणि त्यांची कीवही आली. इतका बारीक विचार करणारा माणूस, आणि ज्या घराचा विचार करत होता त्या घरात राहतं कोण, एवढं त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

रोहिणीने खिडकीबाहेर बघितलं. "सर, त्या बांध फोडलेल्या शहरात बायका असतील ना? मुलं असतील. त्यांचं काय झालं?"

सर शेल्फाकडे वळले, जाड पुस्तक काढलं, पान लगेच सापडलं. त्यांनी आधी चिनीत वाचलं, मग मराठीत सांगितलं. शहर बुडालं, शत्रू शरण आला. पुढच्या ओळीपासून मेजवानी सुरू होते. बायकांचं काही नाही, ते म्हणाले. दुसऱ्या आवृत्त्या बघतो, जुन्या टीका असतात, त्यांत बघतो.

"बघा," रोहिणी म्हणाली. "पण गोष्ट तर तुम्ही सांगताय ना आम्हाला."

एवढं बोलून ती उठली. सर दारापर्यंत आले, आम्ही जिना उतरेपर्यंत वरच उभे होते. परतीच्या गाडीत रोहिणी रडली. मी तिचा हात धरून बसले.

पुढच्या बैठकीला खोली भरलेली होती, कारण प्रसादचा निरोप समारंभ जवळ आलेला. सर आले, पण शेंगदाण्यांची पिशवी आणली नव्हती. उभे राहिले आणि चष्मा न पुसता बोलायला लागले. आपली चलाखी त्यांनी सगळ्यांसमोर उघडी केली, कुणाला मधे काय ठेवून दिलं होतं ते नावानिशी सांगितलं. आधी लोक हसले. मग एकेकाचा चेहरा बदलत गेला. प्रत्येकाला आपण काय काय निवडलं होतं ते आठवत होतं. नव्या घराचा, मुलाच्या शाळेचा, बदललेल्या नोकरीचा जो अभिमान होता, तो कुणीतरी खिशातून काढून घेतल्यासारखं झालं. कुलकर्णी तर म्हणाले, म्हणजे फोडणीचंही आमच्या डोक्यातून आलं नाही? ते तसंही सरांच्याच डोक्यातून आलं होतं, पण त्यांना आता ते आपलं वाटायला लागलं होतं.

प्रसाद लाल झाला. "मला खेळवलंत तुम्ही?"

"सगळ्यांना खेळवलं, भाऊ. तुम्ही एकटेच निसटले," सर म्हणाले. "पण माझी चूक ती नाही. तुम्हाला मसलत देताना मी रोहिणीताईंना विचारलं नाही. तुम्हीही विचारलं नाही. मी दिलेल्या तिन्ही मसलती रद्द समजा. आता त्यांना विचारा, आणि त्या बोलतील तेव्हा मधे बोलू नका."

मग ते मफलर उचलून निघून गेले. जिन्यावरून त्यांची पावलं ऐकू आली. कुणी थांबवलं नाही.

प्रसाद दोन आठवडे घुश्श्यात होता. सरदारच तो. पण माणूस मनाचा वाईट नाही, आणि ते बोलणं त्याला आत कुठंतरी लागलं होतं. एका शनिवारी लेकीला माझ्याकडे पाठवून तो रोहिणीसमोर बसला आणि विचारलं, तुला काय वाटतं? रोहिणी मला नंतर म्हणाली, "आधी मला बोलताच येईना. मग बोलायला लागले ते दुपार सरेपर्यंत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढं सलग मी कधी बोललेच नव्हते गं." तिने हे घर सोडणार नाही असं सांगितलं. तुला जायचं असेल तर जा, मी अडवणार नाही, पण ही खोली रिकामी होणार नाही. प्रसादने पुण्याला नकार कळवला आणि खिडकीतली विक्रीची पाटी स्वतःच्या हाताने काढली. अजूनही कधी दोन घास जास्त झाले की तो म्हणतो, मी आज पुण्यात मुख्य असतो. रोहिणी म्हणते, असतास की, आणि त्याला आणखी एक पोळी वाढते.

सरांचा दरबार मात्र उठला. सल्ला मागायला कुणी जाईना. बैठकीला येणारे निम्म्याहून कमी झाले. पण खरं सांगते, सरांनी सगळ्यात चांगली गोष्ट सांगितली ती त्यानंतर. त्यांना कुठल्याही आवृत्तीत, कुठल्याही टीकेत त्या बायका सापडल्या नव्हत्या. म्हणून त्यांनी स्वतः सांगायला घेतलं. पाणी चढायला लागल्यावर त्या शहरातल्या बायकांनी दारं बिजागऱ्यांपासून काढली, त्यांवर मुलं ठेवली आणि एकमेकींच्या पदरांना बांधून घेतलं. हे पुस्तकात नाही, असं ते दर वेळी सांगायचे. गोष्ट सांगताना अडखळायचे, आधीची ऐट पार गेलेली. मुलं शेंगदाण्यांशिवाय ऐकत बसायची. रोहिणी पहिल्या रांगेत असायची.

मग त्यांचं संशोधनाचं अनुदान संपलं. हे आम्हाला बैठकीत समजलं नाही, कारण ते कुणाला सांगत नव्हते. मला कळलं ते असं.

एका सकाळी ऑफिसला जाता जाता मी रोहिणीचा कुकर परत द्यायला थांबले होते. पोरांची न्याहारी चाललेली. दारावरची घंटा वाजली आणि बघते तर सर. इतक्या वर्षांत ते तिच्या घरी पहिल्यांदाच आले होते. हातात काही नाही, डोक्यावरचे केस पावसाने चिकटलेले. आत यायला तयार होईनात. दारातच उभं राहून एका दमात म्हणाले की विद्यापीठातलं काम संपलं. इथल्याच एका कॉलेजात चिनी शिकवायची जागा मिळते आहे. नागपूरहून बहीण बोलावते आहे, तिचं आता वय झालं, घरही मोठं आहे. दोन्ही बाजूंनी विचार करून बघितला, रात्र-रात्र केला, काही ठरत नाही.

"मी कुणाला कधी विचारलं नाही," ते म्हणाले. "तुम्ही सांगा, ताई. काय करू?"

रोहिणीच्या कडेवर एक पोर होतं, त्याने तिच्या खांद्याला केळं फासलेलं. मला वाटलं, आता ही काहीतरी सांगेल, आणि सर ते करतील. ती जे म्हणेल ते सर करतील हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"तुम्हाला काय हवंय, सर?" ती म्हणाली.

उत्तर आठवत नसलेल्या मुलासारखे सर दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. मग म्हणाले, हे मला सांगता येणार नाही. विचार करावा लागेल.

"मग आत बसून करा," रोहिणी म्हणाली. "बूट तेवढे काढा."

मला उशीर होत होता. मी फीट्सचं कुलूप काढलं आणि निघता निघता वळून बघितलं. इथल्या घरांच्या खिडक्यांना दिवसा पडदे नसतात, रस्त्यावरून सगळं दिसतं. पुढच्या खोलीत मुलांच्या बुटक्या खुर्चीवर सर बसले होते, गुडघे छातीशी आलेले, शेजारी दोन पोरं त्यांच्याकडे टक लावून बघत उभी. सर खाली मान घालून काहीतरी बोलत होते, थांबत होते, पुन्हा बोलत होते. आणि रोहिणी कडेवरच्या पोराला थोपटत उभी राहून ऐकत होती.